रताळी धुवून फ्रिजमध्ये सहा महिने? तो मेसेज पुढे पाठवू नका

एकादशी जवळ आली की गोव्यातल्या आमच्या ग्रुपांवर तो मेसेज फिरायला लागतो: रताळी धुऊन पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा, सहा महिने टिकतात, मोड आले तर विषारी म्हणून फेका, काळा डाग दिसला तर तेवढा कापून बाकीचं खा. यातलं एकही बरोबर नाही आणि शेवटचं तर धोक्याचं आहे.

सहा महिने टिकतात, पण गोदामात. तिथे काढणीनंतर ३० डिग्रीच्या आसपास दमट हवेत काही दिवस ठेवून सालीवरच्या जखमा भरू देतात, मग १३ ते १५ डिग्रीला ८५-९० टक्के आर्द्रतेत साठवतात. म्हापशाच्या बाजारातून आणलेली आपल्या घरात एक-दोन आठवडे धरा, डिसेंबर-जानेवारीत थोडी जास्त.

फ्रिज असतो ४ डिग्रीच्या आसपास आणि रताळं आहे उष्ण प्रदेशातलं, १२ डिग्रीच्या खाली काही दिवस राहिलं की आतून बिघडतं, मग कुकरला कितीही शिट्ट्या काढा, मधला भाग कडकच. उकडलेली मात्र डब्यात घालून फ्रिजमध्येच ठेवायची, तीन-चार दिवस चालतात.

धुणं तर नकोच, आपली हवा आधीच ओली, त्यात बांधलेली पिशवी म्हणजे कुजायला आमंत्रण. माती नुसती झटका, टोपलीत मोकळी ठेवा, ऊन न येणाऱ्या वारा खेळत्या कोपऱ्यात, आणि खरचटलेली आधी संपवा.

मोडाचं भय बटाट्यावरून आलंय. बटाट्याच्या मोडात सोलानिन नावाचं विष असतं, पण रताळं त्या कुळातलंच नाही. त्याचा कोवळा पाला फिलिपिन्समध्ये भाजी करून खातात! मोड खुडा, रताळं घट्ट असेल तर खुशाल शिजवा, उगाच चांगलं अन्न कचऱ्यात नको.

आता काळा डाग. चिरल्यावर हवेने काळपट पडतं ते वेगळं, त्याने काही होत नाही. पण चिरल्याबरोबर आत आधीच काळं दिसलं, कडू वास, बुरशी किंवा सोंड्या भुंग्याने पोखरलेलं असेल तर ते अख्खं फेका. कीड-बुरशी लागली की रताळं स्वतःच इपोमियामेरोनसारखी कडू विषारी द्रव्यं तयार करतं, बुरशी असेल तर त्यातून फुफ्फुसांना घातक द्रव्यंही होतात, ती आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या भागातही असू शकतात आणि उकडून-भाजून पूर्ण जात नाहीत. आपल्याकडे असलं रताळं सरळ गोठ्यात टाकायची सवय असते, तेही कृपा करून नको, बुरशी लागलेली रताळी खाऊन गुरं श्वास कोंडून मेल्याच्या नोंदी आहेत.