'मर्मेड'चा पूर्वार्ध फ्रेंच नाही

जलपरीसाठी इंग्रजीत वापरल्या जाणाऱ्या 'मर्मेड' या शब्दाचा पूर्वार्ध समुद्रवाचक फ्रेंच 'मेर'वरून घेतला असल्याचे सांगितले जाते, ते बरोबर नाही. तो जुन्या इंग्रजीतील 'मेरे', म्हणजे समुद्र किंवा तळे, या शब्दातून आला आहे. फ्रेंच भाषक नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला; त्याआधीच रचलेल्या 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यात ग्रेंडेल या राक्षसाच्या आईला 'मेरेवीफ' म्हटले आहे. 'वीफ'चा अर्थ तेव्हा केवळ पत्नी नव्हे, तर स्त्री असा होता. फ्रेंच शब्द लॅटिन 'मारे'पासून आला असून 'मारे' आणि 'मेरे' या दोन्हींचे इंडो-युरोपीय मूळ एकच असल्याने साम्य दिसते. इंग्लंडमधील विंडरमियर सरोवराच्या नावात तोच 'मेरे' आजही आहे.