केंदाळ पुढच्या गावाला ढकलून नदी साफ होत नसती

रात्री बाराला थ्री फेज लाईट आली, स्टार्टर दाबला, पाच मिनिटं पाईपला धड पाणी आलं आणि मग नुसती हवा. या आठवड्यातली ही तिसरी रात्र. आण्णांनी काठावरनं बॅटरी धरली आणि मी मोटर बंद करून कमरंएवढ्या पाण्यात उतरलो, पण फुटवॉल, म्हणजे पाण्यातल्या पाईपच्या तोंडाची झडप, सापडायला आधी पाणी तर दिसाय पाहिजे न्हवं? पंचगंगेच्या या काठापासनं त्या काठापर्यंत केंदाळ, म्हणजे जलपर्णी. हातानं सारलं की दोन मिनिटात परत येऊन मिटतंय. चाचपत खाली हात घातला तर फुटवॉलच्या जाळीला काळ्या केसासारख्या मुळांचा ह्यो एवढा झुबका गुंडाळलेला, ओढून ओढून काढला, हाताला बुळबुळीत गाळ आणि वास असला घाण की घरी येऊन दोनदा साबण लावला तरी सकाळी भाकरी खाताना तोच वास. परत पाईपीत पाणी भरून मोटर चालू करेस्तोवर अडीच वाजले. पहाटे लाईट गेली, ऊस अर्धा भिजला अर्धा तसाच. आता पुढची पाळी येईस्तोवर बघत बसायचं.

आणि परवा पुलावर गाडी थांबवून दोघं जण त्या जांभळ्या फुलांचे फोटो काढायलेत, किती मस्त दिसतंय म्हणून. डोकंच फिरलं माझं. अरे त्या फुलामुळंच तर सगळा घोळ झालाय! हे आपल्या हितलं झाडच न्हाई, दक्षिण अमेरिकेतलं, ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. 19व्या शतकाच्या शेवटी शेवटी शोभेचं म्हणून बंगालात आणलं आणि तिथं नद्या, खाड्या, भातशेती सगळं असं तुंबवलं की 1936 साली त्याच्यासाठी वेगळा कायदा करायला लागला. आणि आज पण लोक ते घरच्या टाकीत, टबात फुलासाठी लावतात, जास्त झालं की उचलून टाकतात ओढ्यात. एक रोप पुरतंय. त्याला बी पण लागत न्हाई, बुडातनं आडवा दांडा निघतो, त्याच्या टोकाला पिल्लू, पिल्लाला परत पिल्लू.

शेतकऱ्याच्या हिशोबात सांगतो. पाणी थांबलेलं असलं, ऊन असलं आणि खायला भरपूर असलं तर दोन आठवड्यात हे दुप्पट होतंय. म्हणजे गुंठाभर सोडून दिलं तर दोन महिन्यात 16 गुंठे, चार महिन्यात 256 गुंठे, सहा एकराच्या वर. म्हणून 'थोडं राहिलंय, बघू नंतर' असं कोणी म्हणलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आता खायला कोण घालतंय त्याला? आपणच की. कोल्हापूर शहरातल्या जयंती नाल्यापासनं खाली किती नाले नदीत येतात मोजा एकदा. शहराचं सांडपाणी, गावागावाची गटारं, कारखान्यांचं पाणी, आणि हो, आमच्या उसाला टाकलेला युरिया पण पाटानं नदीतच येतोय, ते मी लपवत न्हाई. नत्र आणि स्फुरद फुकटात मिळाल्यावर केंदाळ माजणारच. वरनं बंधारे. कोल्हापूर टाईप बंधारा सगळ्या देशाला आपलं नाव सांगतोय, त्यानं शेती पिकली, त्याला मी कधी वाईट म्हणणार न्हाई, पण पावसाळा संपून बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की नदीचं तळं होतंय, आणि घाण पाण्याच्या तळ्यात हे झाड जेवढं खूश तेवढं कुठंच न्हाई.

माझा खरा राग पुढचा आहे. वरच्या बंधाऱ्यावर बोंब झाली की करतात काय, तर बरगे काढून सगळं केंदाळ खाली सोडतात. राजाराम बंधाऱ्यावरनं सुर्व्याला, सुर्व्यावरनं रुईला, तिथनं इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, आणि शेवटाला नृसिंहवाडीला कृष्णेत. प्रत्येकजण आपल्यापुरता घाट मोकळा करून फोटो टाकतोय आणि खालचा गाव बोंबलतोय. मग खालच्यांनी पण तेच करायचं. नदी एकच आहे ना रे? ज्या पाण्यात तुम्ही ढकललं तेच पाणी खाली कुणीतरी प्यायलंय!

मागच्या वर्षी आमच्याजवळ पोकलेन आणला होता. आठ दिवस धडधड, बघायला गर्दी. काढलेलं केंदाळ टाकलं कुठं? काठावर, पाण्यापासनं दहा फुटावर! मी स्वतः जाऊन सांगितलं की साहेब हे लांब न्हेऊन टाका, शेतकऱ्यांना द्या, खड्ड्यात शेणाबरोबर कुजवलं तर खत होतंय, हितं ठेवलं तर पाणी वाढलं की परत आत जाणार. 'टेंडरमध्ये काढायचं आहे, वाहतूक न्हाई.' हे उत्तर! जूनमध्ये नदी फुगली आणि ढीग होता तसा पाण्यात. केंदाळाचं बियाणं गाळात बसलंय ते वेगळंच, ते 15-20 वर्षं तग धरतंय.

काहीजण म्हणतात औषध मारा, तणनाशक फवारा, चार दिवसात पिवळं पडतंय. पडतंय की, आणि मग तेवढा सगळा पाला तळाला जाऊन कुजतोय आणि पाण्यात उरलासुरला ऑक्सिजन पण खातोय. आधीच वरच्या झाकणामुळं ऊन आत जात न्हाई, मासा तडफडून वर येतोय. आमच्या शेजारचे भोई मामा, आख्खी हयात नदीवर गेली त्यांची, दोन वर्षं झाली जाळं उंबऱ्याला टांगून ठेवलंय. जाळं टाकलं की मासा न्हाई, केंदाळच वर येतंय आणि जाळं फाटतंय. औषध मारून त्यांना काय मिळणार? हे झाड खाणारे भुंगेरे 1980 च्या दशकात परदेशातनं आणून बंगळूरकडं सोडले होते आणि तिथं तळ्यांत फरक पण पडला, पण त्याला काही वर्षं लागली. आमच्यात दरवर्षी पुरानं सगळं वाहून जातंय, तिथं भुंगेऱ्यानं टिकायचं कुठं? आणि नाले तसेच चालू ठेवून भुंगेरा तरी किती खाणार!

मी लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं पाठीला डबा बांधून ह्याच डोहात पोहायला शिकलो, तळातला दगड दिसायचा. आता माझ्या पोराला मी काठावर पण जाऊ देत न्हाई, केंदाळात साप असतोय, वरनं जमिनीसारखं दिसतंय म्हणून पाय टाकला तर खाली पुरुषभर पाणी. संध्याकाळी डास दारात बसू देत न्हाईत, गल्लीत दोघांना डेंगू होऊन गेला. नदीकाठचं गाव आमचं, आणि नदीकडंची खिडकी बंद ठेवून जगायचं.

आज परत रात्री बाराची लाईट आहे. आण्णा म्हणतात फुटवॉलभोवती बांबू रोवून जाळी बांधूया. बांबू आणलेत.