लोह नाही? मँगनीज चालेल!

लघवीचा कल्चर रिपोर्ट आणायला गेलेल्या माणसाच्या फार अपेक्षा नसतात. कागद घडी घालून, हळूच हातात ठेवावा, बस्स. लॅबच्या काउंटरवरच्या मुलीने मात्र माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव चढत्या सुरात पुकारलं आणि वर जोडलं, "काका, लघवी पॉझिटिव्ह आलीये हं!" एरवी छत कोसळलं तरी मोबाईलमधून वर न येणाऱ्या यच्चयावत माना वर आल्या. शिवाय ते 'काका'. असो.

शेजारच्या खुर्चीतल्या वयस्कर गृहस्थांनी हात पुढे केला. "बघू."

हे 'बघू' त्यांनी अशा अधिकाराने उच्चारलं, की कागद आपोआप तिकडे गेला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"एशेरिकिया कोलाय! मिलिलिटरला एक लाखाच्या वर! शाब्बास!"

ही शाब्बासकी मला नव्हती. सर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि उभा जन्म याच जिवाणूवर काढला होता. त्यातून त्यांना कमी ऐकू येत असे, म्हणून ते बोलत मोठ्याने.

"तुमच्या मूत्राशयात केवढी उपासमार असते, कल्पना आहे?" त्यांनी मला, आणि पर्यायाने सगळ्या वेटिंग रूमला, विचारलं. "लोह जवळजवळ नाहीच! जंतूंची चाहूल लागली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि रक्तातलं लोह कोठारात कोंडून टाकतं. शत्रूला कणसुद्धा मिळू नये म्हणून!"

"मग हे मरत का नाहीत?" मी कुजबुजलो.

"अं?"

"मरत का नाहीत हे!" मी ओरडलो. समोरच्या बाईंनी पर्स जवळ ओढली.

"मरतील कशाला? हे एन्टेरोबॅक्टिन सोडतात. लोह बघितलं की गच्च धरणारा रेणू! मग आपल्या पांढऱ्या पेशी सिडरोकॅलिन नावाचं प्रथिन सोडतात, ते एन्टेरोबॅक्टिनच लोहासकट पळवतं."

म्हणजे आपलं शरीरही काही कच्चं नाही, असं मला क्षणभर बरं वाटलं. तेवढंही सरांना बघवलं नाही. "पण त्यांच्यातले काही जण त्या रेणूला साखर चिकटवतात. की बसलं तुमचं सिडरोकॅलिन चाचपडत!" 'तुमचं' म्हणाले. एव्हाना बाजू ठरल्या होत्या, आणि त्या खोलीत माझ्या बाजूने कोणी नव्हतं.

मग त्यांनी खुर्ची सरकवून गुडघ्याला गुडघा लावला. प्राणवायूवर जगायचं म्हटलं की सुपरऑक्साइड नावाचं विष पेशीत तयार होणारच, आणि ते निकामी करणारं एन्झाइम धातूशिवाय चालत नाही. ई. कोलायकडे, म्हणजे रिपोर्टातल्या याच जिवाणूकडे, त्या एन्झाइमच्या दोन तऱ्हा तयार असतात, एक लोहाची, एक मँगनीजची. लोह आटलं की पहिली बंद आणि दुसरी सुरू. डीएनएचे घटक घडवणाऱ्या एन्झाइमचंही तसंच, लोहाचं नेहमीच्या वापराचं आणि मँगनीजचं अडीअडचणीचं. फॉस्फेट संपलं तर आणखी एक एन्झाइम बाहेर निघतं, जस्ताचे दोन आणि मॅग्नेशियमचा एक अणू बसवलेलं. ते दिसेल त्या रेणूचा फॉस्फेट ओरबाडून आणतं. गोचिडीतून पसरणाऱ्या लाइम रोगाच्या जिवाणूने तर लोहाचा नादच सोडलाय, मँगनीजवर भागवतो.

"आणि हे ठरवतं कोण?" आता सर उभेच राहिले. "फर नावाचं प्रथिन! लोह असेपर्यंत ते काही जनुकांवर बूड टेकून बसतं. लोह संपलं की उठतं, आणि मग रायबी नावाचा जेमतेम नव्वद अक्षरांचा आरएनए तयार होतो. मॅसे आणि गॉट्समन या शास्त्रज्ञांनी दाखवलं, 2002! ज्या प्रथिनांवाचून तूर्त अडत नाही आणि जी लोह खातात, ती घडवण्याचे पेशीतले हुकूम हा आरएनए गाठतो आणि नष्ट करवतो. त्यात स्वतःही संपतो! उरलंसुरलं लोह जिथे त्यावाचून चालायचंच नाही तिथे जातं. ही व्यवस्था म्हणतात!"

कोपऱ्यातल्या एकाने चक्क मान डोलावली. मला इतका वेळ बसायला जळजळ होत होती, याची चौकशी कोणी केली नाही. सरांनी जाताना रिपोर्ट परत दिला तोही जड हाताने. "अँटिबायोटिक घ्याल आता," ते म्हणाले. त्यात चक्क ठपका होता.

मला राग आला तो या जिवाणूंच्या शहाणपणाचा नव्हे. आला तो हे शहाणपण दुसरीकडे कुठेच दिसत नाही याचा. काही हजार अणूंचं साधं एन्झाइम, मेंदूचा पत्ता नाही, आणि टंचाईत आधी काय सोडायचं हे त्या पेशीला बिनचूक कळतं. आमच्या ऑफिसात गेल्या तिमाहीत खर्चकपात आली. तीन मजली मीटिंगा झाल्या, सल्लागार नेमला. सल्लागाराच्या फीमध्ये किती वाचलं असतं, हे विचारणाऱ्याला 'नकारात्मक' ठरवलं. शेवटी जे गेलं ते आमच्या मजल्यावरचं पाण्याचं मशीन. साहेबांच्या केबिनमधला फिशटँक राहिला, दिव्यासकट. पाण्यासाठी दोन मजले खाली जायचं, म्हणून कोणी जात नाही, आणि गेलं तर 'जागेवर नव्हता' अशी नोंद होते.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

मी सांगितलं.

"एवढं कमी? का?"

म्हटलं, याचं उत्तर आमच्या एचआरला विचारा. ते हसले. मी विनोद करत नव्हतो. 'भरपूर पाणी पिणे' एवढं लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह लिहून द्या म्हणालो, ते काही त्यांनी दिलं नाही.