पेशंटकडे न बघता पोट आणि लिव्हर कसं शिकावं

नाशकात नर्सिंगला आहात म्हणजे तुम्ही नशीबवान. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथेच आहे, दिंडोरी रोडला म्हसरूळच्या अंगाला. गडचिरोलीच्या मुलींना ते फक्त हॉलतिकिटावर दिसतं. तुम्ही बसच्या खिडकीतून त्याला नमस्कार करून पेपरला जाऊ शकता. तेव्हा पचनसंस्थेच्या आजारांत पन्नास टक्के काढणं अवघड नाही. पथ्य एकच, वॉर्डातल्या माणसाकडे बघायचं नाही. बघितलं की शंका येतात, शंका आल्या की वेळ जातो, आणि केअर प्लॅनची, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या आराखड्याची, फाइल तर शनिवारी द्यायची असते.

आधी नर्सिंग डायग्नोसिस, म्हणजे पेशंटची अडचण नर्सच्या शब्दांत. ते शोधत बसू नका. सीनियरच्या फाइलमध्ये 'इम्बॅलन्स्ड न्यूट्रिशन, लेस दॅन बॉडी रिक्वायरमेंट', म्हणजे शरीराला लागतं त्यापेक्षा पोषण कमी, हे वाक्य आहे, ते पिढ्यानपिढ्या चालत आलंय. अल्सरवाल्याला लावा, कावीळवाल्याला लावा. फॅटी लिव्हर घेऊन आलेल्या, शर्टाची खालची दोन बटणं न लागणाऱ्या काकांनाही लावा. कोणी हरकत घेणार नाही, तपासणाऱ्या मॅडमनी आपल्या वेळी तेच लिहिलं होतं. खाली व्हायटल्स बघितले, धीर दिला, डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे औषध दिलं. शेवटी 'गोल पार्शली मेट', म्हणजे उद्दिष्ट थोडंफार साधलं. यातला 'पार्शली' फार गुणी आहे: पेशंट चालत घरी गेला तरी खरा, आयसीयूत गेला तरी खरा.

अल्सरचं कारण विचारलं तर मिसळीवर ढकला. नाशकात हे कोणालाही पटतं, रविवारी सकाळी तर्री मागून घेणाऱ्यालासुद्धा. बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, त्याला आणि रॉबिन वॉरनला २००५ मध्ये नोबेल मिळालं, हे पेपरात लिहा आणि वॉर्डात विसरा. निफाडहून आलेल्या आजोबांच्या पिशवीत गुडघेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आहे, ती ते वर्षभर उपाशीपोटी घेतायत. पण पिशवी उघडायला सांगणं फाइलमधल्या तुमच्या पाच इंटरव्हेन्शनमध्ये, म्हणजे नर्सने करायच्या कामांत, नाही. दुखतं कधी, हेही विचारू नका. जेवल्यावर दुखलं तर बहुधा जठराचा, उपाशीपोटी आणि मध्यरात्री दुखून दोन घास खाल्ल्यावर थांबलं तर ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीचा, असा फरक कळायला लागतो आणि मग उगाच आजोबांशी बोलत बसावं लागतं.

ते म्हणतील, "ताई, संडासला काळं होतंय." तुम्ही चार्टवर 'मोशन पास्ड, १' लिहा. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, हे तुम्हाला माहीत आहेच. तीच समजूत करून घ्या. डांबरासारखं चिकट आणि वॉर्डभर वास सुटणारं काळं म्हणजे वर कुठेतरी रक्त जातंय, हे बेडपॅन उचलणाऱ्या मावशींना कळतं. त्यांना चार्ट लिहायचा अधिकार नाही, हे बरंच आहे.

अपेंडिक्सला फार वेळ देऊ नका. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं, एवढं पाठ असलं की झालं. नातेवाइकांनी एरंडेल पाजलं आणि गरम पाण्याची पिशवी ठेवली तर त्यांचं मन मोडू नका. रात्री तीनला पोट एकदम दुखायचं थांबलं तर 'रुग्णास आराम आहे' असं लिहून डुलकी काढा. ते फुटलं असण्याची शक्यता पुस्तकात पुढच्या पानावर आहे.

आता कावीळ. इथे तुम्हाला शिकवायला अख्खं गाव तयार आहे. कोणी गळ्यात काड्यांची माळ घालतं. ती सैल होत होत बेंबीपर्यंत उतरते, तिच्याबरोबर कावीळही उतरते म्हणतात. कोणी हाताला चुना चोळून पाणी पिवळं करून दाखवतं. कावीळ नसलेल्या मामांचे हात तिथे धुवून बघितले तर तेही पाणी पिवळंच निघतं, म्हणून मामांना तिथे नेऊ नका. 'ए' प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच बरी होते. त्या दिवसांत माळ, चुना, तुमची सलाईन, सगळ्यांनाच यश येतं.

आणि उसाचा रस. काविळीला रसासारखं औषध नाही, हे सांगणारा माणूस तुम्हाला शालिमारपासून सातपूरपर्यंत कुठेही भेटेल. 'ए' आणि 'ई' या दोन्ही काविळी दूषित पाण्यातून, अन्नातून येतात, आणि गाड्यावरच्या बर्फाचं पाणी कुठलं हे बर्फालाही माहीत नसतं. म्हणजे औषध आणि आजार एकाच ग्लासात. यापेक्षा संपूर्ण उपचारपद्धती जगात नसेल. फक्त सुरगाण्याहून आलेली आठव्या महिन्याची बाई पिवळे डोळे घेऊन दारात उभी राहिली, तर तिलाही 'कावीळच आहे, पथ्य करा' म्हणून बाकावर बसवू नका. हे मात्र मी गंमत म्हणून लिहीत नाही. शेवटच्या तिमाहीत 'ई' झालेल्या चार-पाच बायांमागे एक जाऊ शकते. तिला आधी आत घ्या. झालं, आता पुन्हा मूळ विषयाकडे.

लिव्हर सिऱ्हॉसिसच्या, म्हणजे लिव्हर निबर होऊन पोटात पाणी साठलेल्या, पेशंटचं पोट रोज मोजायचं असतं. सकाळची मुलगी बेंबीवर मोजते, दुपारची बेंबीखाली चार बोटं, रात्रीची कालच्या आकड्यात एक मिळवते. पेनाने दोन खुणा केल्या तर तिघींची टेप एकाच जागी पडेल, पण मग आलेखातली मजा जाईल. वजनही असंच, एकदा उपाशीपोटी, एकदा जेवून, एकदा सलाईनच्या बाटलीसकट. पोटातलं पाणी काढायच्या आधी लघवी करून यायला सांगायचं असतं, ते व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सांगा. सुई मूत्राशयात गेली तर ती डॉक्टरांची भानगड.

याच पेशंटना देतात त्या लॅक्टुलोज नावाच्या पोट साफ करणाऱ्या औषधाच्या बाबतीत तर तुमचा दयाळूपणा कामाला येतो. सिऱ्हॉसिसवाल्या काकांना दिवसात तीनदा जावं लागलं, बिचारे थकले, म्हणून तुम्ही बाटली कपाटात ठेवता आणि 'लूज मोशन, डोस होल्ड' लिहिता. दोन-तीनदा मऊ होणं हाच त्या औषधाचा हेतू, आतड्यातला अमोनिया त्याच वाटेने जातो, असं कोणी म्हणेल, दुर्लक्ष करा. परवा काका बायकोला ओळखणार नाहीत, हात पुढे धरायला सांगितलं तर पंजे थडथड खाली पडतील. काही जुन्या सिस्टर अशा पेशंटकडून रोज कागदावर सही करून घ्यायच्या आणि सही बिघडली की डॉक्टरांना फोन करायच्या. तुमच्या फाइलमध्ये सहीला रकाना नाही, त्यामुळे सुटलात.

सुईवर टोपण परत दोन्ही हातांनीच घाला, एका हाताने घालणं पोरकट दिसतं. एचआयव्हीची भीती बाळगा, तिला मान आहे. टोचलेल्या सुईतून एचआयव्ही लागायची शक्यता सुमारे ०.३ टक्के, लस न घेतलेल्या नर्सला 'बी' काविळीची ६ ते ३० टक्के. पण बी कशाला आठवायची? ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस आहेत, पैकी पहिला अ‍ॅडमिशनच्या वेळी सर्टिफिकेटसाठी झालाय. उरलेले नोकरी लागल्यावर बघू.

प्रॅक्टिकलला एकच अडचण येते. पोट तपासायचा क्रम बाकीच्या तपासण्यांपेक्षा वेगळा आहे, आणि तो ऐन वेळी सगळ्यांचाच उलटतो. घाबरू नका. परीक्षेला जो पेशंट देतात तो सकाळपासून तुमच्या आधीच्या सगळ्या जणींनी दाबून, ठोकून, ऐकून झालेला असतो. तुम्ही घाईने त्याच्या पोटावर हात ठेवायला जाल तेव्हा तोच हळूच म्हणेल, "ताई, आधी बघायचं, मग नळी लावायची. दाबायचं शेवटी. आणि हात जरा गरम करून घ्या."