पसल्या चालतायत का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या बातम्या आल्या आणि इंदूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला: दोष कुणाचा, औषध लिहिणाऱ्या डॉक्टरचा की बनवणाऱ्याचा? वीसहून जास्त चिमुरडी गेली, त्यातली कितीतरी नागपूरला नेल्यावर. कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या सिरपमध्ये मूत्रपिंडं निकामी करणारं डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. चालतं ०.१ टक्का, सापडलं ४८.६. दादा म्हणाला, "बाटलीत काय भरलंय ते डॉक्टरला कसं कळणार?" काकांनी १९८६ चं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचं प्रकरण काढलं. तिथेही ग्लिसरीनमधून हेच विष गेलं आणि १४ रुग्ण दगावले. चाळीस वर्षं होत आली, म्हणाले, आणि आपण अजून तिथेच.

कारखानदाराला सोडावं असं मीही म्हणणार नाही. पण ते सिरप अगदी शुद्ध असतं, तरी दीड-दोन वर्षांच्या पोराला साध्या सर्दी-खोकल्यासाठी ते कशाला हवं होतं? ग्रुपवर हे कोणी विचारेना. मी विचारलं तर वहिनीचं उत्तर आलं, "तुला तिकडे बसून बोलायला काय जातं!"

तिचंही खरंच आहे. इकडे इंग्लंडात, लीड्समध्ये, डॉक्टर गाठणं हेच मोठं काम. सकाळी ठीक आठला फोन लावायचा, तर म्हणे तुमचा नंबर सतरावा. इंदूरला रामबागेत आईच्या घरून चप्पल पायात सरकवली की दहा मिनिटांत लेकरू डॉक्टरच्या टेबलावर. ती सोय मला इथे नऊ वर्षांत मिळालेली नाही.

पण नंबर लागल्यावर काय झालं ते सांगते. लेक दोन वर्षांची, पाच दिवस ढास, रात्री खोकून खोकून उलटी. डॉक्टरबाईंनी तिला माझ्या मांडीवरच राहू दिलं, बनियन वर केलं आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट नुसत्या पोटाकडे बघत बसल्या. मला वाटलं, वेळ काढतायत. त्या श्वास मोजत होत्या. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला ४० च्या वर गेला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. मग पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजनचा चिमटा, पाठीला नळी, कान, घसा. प्रश्न तर मी जन्मात ऐकले नव्हते: खोकला कुत्र्याच्या भुंकण्यासारखा येतो का? खेळता खेळता शेंगदाणा-बिंगदाणा गिळून एकदम ठसका लागला होता का? लंगोट ओला होतोय ना?

औषध? काही नाही. पाणी पाजा, झोपताना अर्धा चमचा मध द्या (वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही), खोकला तीन आठवडेही रेंगाळेल. आणि एक कागद: श्वास जोरात, बरगड्यांखाली खड्डा, ओठ निळसर, पिणं बंद, मूल मलूल, तर लगेच या. आपल्याकडे 'बरं नाही वाटलं तर दाखवा' म्हणतात. काय दिसलं तर दाखवा, हे तेवढं राहून जातं.

बरगड्यांखाली खड्डा हे ऐकून मी थबकले. आई याला 'पसल्या चालणं' म्हणते. आमच्या लहानपणी खोकला म्हटला की ती आधी सदरा वर करून दिव्याखाली धरायची. म्हणजे तपासणी घरात होती. मग मेडिकलची गुलाबी बाटली आली आणि सदरा वर करायचं कारणच संपलं.

मागच्या जानेवारीत इंदूरला याच लेकीला दाखवलं. स्वेटरवरूनच नळी लागली आणि चिठ्ठीवर तीन औषधं आली, त्यात एक अँटिबायोटिक. राग त्या डॉक्टरवर काढण्यात अर्थ नाही. बाहेर पंचवीस माणसं बसलेली, आणि 'काही नको, होईल बरं' म्हणून त्यांनी पाठवलं असतं, तर आपणच शेजारच्या दवाखान्यात गेलो असतो. आपण पैसे बाटलीचे देतो, बघण्याचे नाही. २००९ पासून ब्रिटनमध्ये सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोकल्याची बरीचशी औषधं दुकानातून देणं बंद आहे. आपल्या केंद्रानेही छिंदवाड्यानंतर सांगितलं की दोन वर्षांखाली द्यायची नाहीत आणि पाचांखालीही शक्यतो टाळा. पण रिकाम्या हाताने परतलेल्या आईची समजूत फर्मानाने निघत नाही.

परवा दादाचा अडीच वर्षांचा खोकत होता. व्हिडिओवर आईला म्हटलं, झोपलाय तर मोज. तिने फोन उशीला टेकवला, चष्मा लावला, ओठांतल्या ओठांत आकडे. "एकतीस. पसल्या नाही चालत."

तेवढ्यात दादा बाटली घेऊन आलाच. आईने ती दिव्याखाली धरली आणि मागचं बारीक अक्षर त्याच्याकडूनच वाचवून घेतलं: चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये.

"वय सांगितलं होतंस ना दुकानात?" तिने विचारलं.

"सांगितलं की."