हललात की फसलात

भाची जन्मली न्यू जर्सीत आणि मी, तिची एकुलती एक आत्या, शिकत होते मिडवेस्टात. साल १९९५, विमानाचं तिकीट परवडण्यातलं नव्हतं. दादा म्हणाला, "त्यात काय, सीयू-सीमी आहे ना!"

सीयू-सीमी म्हणजे कॉर्नेल विद्यापीठातल्या टिम डॉर्सी यांनी लिहिलेलं, इंटरनेटवरून एकमेकांची तोंडं दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर. ते १९९२ साली आधी मॅकवर आलं, विंडोजवर यायला १९९४ उजाडलं. माझ्याकडे मॅक, दादा विंडोजवाला. शेंडेफळाला मिरवायची संधी मिळते कधी? ही दोन वर्षांची थोरवी मी त्याला येताजाता ऐकवायचे. क्विककॅम नावाचा गोल कॅमेराही आधी मॅकसाठीच निघालेला. दादा बिचारा बारशासाठी घेतलेला कॅमकॉर्डर संगणकाला जोडायच्या खटपटीत.

मॅकला एव्हाना आवाज फुटला होता, विंडोजच्या आवृत्तीला अजून वाचा नव्हती. बरं, फोनवर बोलावं तर दादाकडे लाइन एकच आणि ती इंटरनेट जोडणाऱ्या मॉडेमने अडवलेली. त्याचा आयपी पत्ता, म्हणजे संगणकाचा इंटरनेटवरचा नंबर, दर जोडणीला नवा. तो मला कळवायचा तर ईमेलने, आणि मी ईमेल उघडेपर्यंत लाइन तुटलेली.

एकदाचं चित्र उमटलं. १६० बाय १२० ठिपके, राखाडीच्या १६ छटा. त्यात आई, वहिनी आणि दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी.

यातली खरी मेख निराळीच. सॉफ्टवेअर अख्खं चित्र दर वेळी धाडत नसे. आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून, बदलले असतील तेवढेच पाठवायचं. मॉडेमच्या जमान्यात युक्ती नामीच, पण ती काढणाऱ्यांनी आमचं घर पाहिलेलं नव्हतं. आई हातवाऱ्यांशिवाय साधं "हो"सुद्धा म्हणत नाही. तिचं कपाळ आत्ताचं, हनुवटी मघाची आणि हात तीन ठिकाणी. भाची झोपली की फोटोसारखी स्पष्ट, रडायला लागली की नुसते चौकोन. दादा सगळ्यांना "हलू नका!" म्हणून ओरडत असावा, कारण त्याचं उघडलेलं तोंड बराच वेळ तसंच राहिलं.

शेवटी आईने पुठ्ठ्यावर मार्करने काहीतरी लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं. माझ्यापर्यंत शिरोरेषा तेवढी पोचली, अक्षरं वाटेतच. पहिल्या नातवंडाची आजी, तिला कशाला नाराज करा! मी जोरजोरात मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी फोनवर उलगडा झाला. "डेट्रॉइटच्या मुलाला होकार कळवू का?" असं लिहिलं होतं तिने. कळवलाही होता. मुलगा विंडोजवाला निघाला.

तो होकार मागे घेईपर्यंत विंडोजच्या आवृत्तीलाही आवाज आला होता. पुढे १९९६मध्ये मायक्रोसॉफ्टचं नेटमीटिंग हे इंटरनेटवरून बोलायचं सॉफ्टवेअर निघालं, फक्त विंडोजसाठी. ही बातमी द्यायला दादाने मुद्दाम फोन केला आणि चांगला पाऊण तास बोलला.