राख, रक्षा आणि पोटॅश

राखेवरचा तुमचा लेख आवडला, पण इंग्रजीतलं अ‍ॅश नावाचं झाड आणि अ‍ॅश म्हणजे राख यांचं मूळ एकच, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. जुन्या इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द होते. उच्चार झिजत झिजत सारखे झाले, इतकंच.

आपली राख मात्र एका ओळीत उरकलीत! ती आली संस्कृत 'रक्षा'वरून, म्हणजे रक्षण करणारी. म्हणून तर रक्षाविसर्जन म्हणतो, आणि दृष्ट लागू नये म्हणून पोराच्या कपाळाला अंगाराही लावतो. देवळात ती विभूती, वैद्याकडे भस्म. कितीही खाऊन पोट न भरणाऱ्याला 'भस्म्या झालाय का रे?' हे वेगळंच.

आमच्या नवी मुंबईतल्या बेलापूरकडे दिवाळे गावात निवट्या, म्हणजे चिखलातले बुळबुळीत मासे, घ्यायला गेलात तर बघा. कोळीण आधी मूठभर राख चोळते, बुळबुळ निघते, मगच मासा विळीवर नीट धरता येतो. घरी साफ करायचे म्हटलं तर गॅसच्या जमान्यात राख मागायची इस्त्रीवाल्याकडे. तोही हल्ली विजेची इस्त्री घेऊन बसलाय.

एक राहिलंच. पोटॅश म्हणजे भांड्यातली राख. लाकडाच्या राखेचं पाणी गाळून भांड्यात आटवायचे, त्यावरून ते नाव. हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1807 मध्ये त्यातूनच पोटॅशियम वेगळं काढलं. 'अल्कली' (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) हाही अरबीतला राखेचाच शब्द. यावर स्वतंत्र लेख येऊ द्या.